बिळात राहणाऱ्या आदिम कोळ्याच्या नव्या जातीचे वर्णन: केवळ माद्या हाती असताना नाव द्यावे का?

मृद्गंध:
झडपेच्या बिळात राहणाऱ्या एका मायगॅलोमॉर्फ (टॅरँटुला ज्यात मोडतात त्या आदिम गटातील) कोळ्याचे नवी जाती म्हणून वर्णन लिहीत आहे. सुळे एकमेकांना समांतर आहेत, पोटाखाली पुस्तक-फुप्फुसांच्या (पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे असलेल्या श्वसनेंद्रियांच्या) दोन जोड्या आहेत आणि सुळ्यांच्या मुळाशी माती उकरणाऱ्या आखूड, जाड काट्यांची रांग स्पष्ट दिसते, त्यामुळे गटाविषयी शंका नाही. मात्र हाती फक्त माद्या आहेत. ज्ञात असलेल्या जवळच्या जातीपेक्षा त्या रंगाने फिकट आणि आकाराने लहान आहेत. एवढ्यावर नवे नाव द्यावे का?

अष्टपाद:
रंग आणि आकार यांच्या आधारावर नाव देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या नमुन्याचा रंग उतरतो. शिवाय या गटातील माद्या प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात, त्यामुळे त्यांच्या आकारावरून फारसे काही ठरत नाही. ऑस्ट्रेलियातील गायस व्हिलोसस या जातीच्या एका मादीची नोंद 43 वर्षांची आहे. इतक्या दीर्घ आयुष्यात एकाच जातीच्या माद्यांमध्ये किती फरक दिसू शकतो, याचा विचार करावा.

तुमचा खरा आधार म्हणजे शुक्रकोश, म्हणजे मादीच्या पोटातील शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्या. जननछिद्राच्या वरचा भाग अलगद कापून घ्यावा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भोवतालच्या ऊती विरघळू द्याव्यात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कोशांचे देठ, त्यांची टोके आणि दोन्ही कोशांमधील अंतर पाहून रेखाचित्र काढावे. एकाच मादीवर थांबू नये; जितक्या माद्या आहेत तितक्यांचे कोश पाहिल्याशिवाय जातीअंतर्गत फरक किती आणि जातींमधला किती, हे कळणार नाही. कात मिळाली तर तीही जपावी, कारण कोशांचे अस्तर कातेसोबत निघते.

नमुनापाल:
प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नर असणे बंधनकारक नाही. मात्र 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीसाठी होलोटाइप (जातीचे नाव ज्याच्याशी जोडले जाते तो एक नमुना) स्पष्टपणे निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे, हे लिहावे लागते. लेख केवळ ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमधील (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीतील) नोंदणीचा उल्लेखही त्यात हवा. अखंड, प्रौढ मादी होलोटाइप म्हणून निवडावी आणि बाकीच्या पॅराटाइप (वर्णनासाठी वापरलेले इतर नमुने) म्हणून ठेवाव्यात.

तरीही शक्य असेल तर नरासाठी थांबावे, असे मला वाटते. त्याच्या स्पर्शपादाच्या (तोंडाजवळील पायासारख्या अवयवाच्या) टोकावरील, शुक्राणू मादीत सोडणारा कंद आणि अनेक जातींत मिलनाच्या वेळी मादीचे सुळे रोखून धरणारा पहिल्या पायावरचा काटा, ही लक्षणे बहुधा निर्णायक ठरतात. प्रौढ नर मादीच्या शोधात बीळ सोडून भटकतात, म्हणून जमिनीत पुरलेले सापळे योग्य ऋतूत लावल्यास ते मिळू शकतात. नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे डीएनएवरून ताडता येते, त्यासाठी एक पाय शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा. मात्र बहुतेक जातींतली पिल्ले जन्मस्थानापासून फार दूर जात नसल्याने शेजारच्या वस्त्यांमध्येही जनुकीय अंतर मोठे असू शकते, आणि केवळ त्या अंतरावर नवी जाती ठरवणे घाईचे होईल.

बीळनोंदी:
बिळाचे वर्णन दोन ओळींत उरकू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. खोदण्यापूर्वी झडपेचे छायाचित्र घ्यावे. ती जाड बुचासारखी घट्ट बसते की पापुद्र्यासारखी पातळ आहे, तिची बिजागरी कोणत्या बाजूला आहे, रेशमाचे अस्तर तळापर्यंत जाते का, आत दुसरी झडप किंवा फाटा आहे का, हे सारे नोंदवावे. नमुना बाटलीत गेल्यावर ही माहिती परत मिळवता येत नाही.

जुनी वर्णने पुष्कळदा अगदी त्रोटक असतात, म्हणून जवळच्या जातीचा मूळ टाइप नमुना प्रत्यक्ष पाहूनच तुलना लिहावी. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये आज 50,000 हून अधिक जातींची नोंद असून नोंदणी केल्यावर जुने लेखही तेथे वाचता येतात. नेमके अक्षांश-रेखांश मात्र छापू नयेत, संग्रहालयाकडे द्यावेत, कारण पाळण्यासाठी कोळी विकणारे लोक अशा नोंदी शोधत असतात आणि एका उतारावरची वस्ती संपवायला त्यांना फार वेळ लागत नाही.