'लिव्ह ऑन' की 'लिव्ह ऑफ'?

प्रश्न : दोन्हींचा अर्थ '-वर जगणे' असाच दिलेला आढळतो. मग 'ही लिव्ह्ज ऑन हिज सेव्हिंग्ज' आणि 'ही लिव्ह्ज ऑफ हिज सेव्हिंग्ज' यांत फरक काय? आणि तो मराठीत आणायचा कसा?

उत्तर : बचतीच्या बाबतीत दोन्ही चालतात, फरक अगदी बारीक आहे. 'ऑन'चा रोख गुजराण कशावर चालते याकडे असतो : अन्न, पगार, पेन्शन, महिन्याची ठरावीक रक्कम. 'ऑफ'मध्ये एखाद्या साठ्यातून किंवा स्रोतातून काढून घेण्याची छटा आहे. म्हणून मुद्दलाला हात न लावता जगणाऱ्याबद्दल 'लिव्ह ऑफ द इंटरेस्ट' नेमकं बसतं.

पुढे माणूस आला की फरक ठसठशीत होतो. 'ही लिव्ह्ज ऑफ हिज पेरेंट्स' यात उघड नापसंती आहे. इथे 'आईवडिलांच्या जिवावर जगतो' हेच हवं. 'आईवडील त्याला सांभाळतात' असं केलं तर ठपकाच गळून जातो. जमिनीचंही तसंच. 'लिव्ह ऑन द लँड' म्हणजे त्या जमिनीवर राहणं. 'लिव्ह ऑफ द लँड' म्हणजे तिथे पिकेल, उगवेल, शिकारीत मिळेल त्यावर पोट भरणं. एका अव्ययाने अख्खं वाक्य बदलतं, तरी भाषांतरांत ही गल्लत वारंवार दिसते.

'ऑन'नंतर अन्न असेल तर वाक्य शब्दशः घ्यायची घाई नको. 'शीज बीन लिव्हिंग ऑन कॉफी ऑल वीक' यात अतिशयोक्ती आहे. 'आठवडाभर नुसत्या कॉफीवर आहे' एवढं पुरे; 'गुजराण करते' म्हटलं की उगाच दारिद्र्य चिकटतं.

भर : मराठी माणसाची हमखास चूक राहिलीच. 'जगायला पुरेसे पैसे' यात '-वर' कुठेच नाही, म्हणून आपण सहज 'इनफ मनी टु लिव्ह' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत शेवटचा 'ऑन' लागतो : 'इनफ मनी टु लिव्ह ऑन'. प्रश्नातही तेच : 'व्हॉट डू दे लिव्ह ऑन?' तो गाळला तर 'कशावर' हा दुवा तुटतो आणि वाक्य लंगडं पडतं. शिवाय क्रियापद आणि 'ऑन' यांच्या मध्ये कर्म घालता येत नाही. 'लिव्ह इट ऑन' चुकीचं, 'लिव्ह ऑन इट' बरोबर.

प्रतिप्रश्न : 'सबसिस्ट ऑन', 'गेट बाय ऑन' आणि 'ईक आउट' हेही याच घरातले ना?

उत्तर : हो, पण 'सबसिस्ट ऑन' औपचारिक आहे आणि जेमतेम जीव तगण्यापुरतं मिळतं असं सुचवतो. 'गेट बाय ऑन' बोलण्यातला : कमी आहे, पण भागतंय. त्याला मराठी 'भागणे' इतका चपखल शब्द दुसरा नाही. 'ईक आउट'चा मूळ अर्थ भर घालून वाढवणे. त्यामुळे त्याचे दोन उपयोग आहेत. 'ईक आउट अ लिव्हिंग' म्हणजे कष्टाने कसंबसं पोट भरणं. 'ईक आउट'पुढे साठा आला तर तो पुरवून पुरवून वापरणं किंवा त्याला जोड देणं. दुसऱ्या ठिकाणी 'पोट भरणे' घातलं की अर्थ फसतो.

'हातावर पोट' मात्र यांपैकी कशालाही लावू नये. त्यात रोजच्या कमाईवर रोजचं जेवण अवलंबून असणं आहे. त्याला 'लिव्ह फ्रॉम हँड टु माउथ' जवळचं.

प्रतिप्रश्न : आणि 'हर नेम लिव्ह्ज ऑन'?

उत्तर : तो वेगळाच 'लिव्ह ऑन' : मागे उरणे, टिकून राहणे. तिथे 'ऑन'पुढे कर्म नसतं आणि उच्चारात आघात 'ऑन'वर येतो. गुजराणीच्या अर्थी एरवी तो 'लिव्ह'वर किंवा पुढच्या नामावर पडतो. 'दे लिव्ह्ड ऑन फॉर इयर्स' मध्ये 'फॉर इयर्स' हा काळ आहे, कर्म नव्हे. भाषांतर 'त्यानंतरही ते अनेक वर्षं जगले' असंच होईल.