इंद्री कुठल्या प्राणिसंग्रहालयात बघायला मिळेल?

मुक्ता_के: माझी नऊ वर्षांची लेक लेमूरवेडी आहे, म्हणजे मादागास्करच्या त्या माकडासारख्या प्राण्यांची वेडी. पट्टेवाल्या शेपटीचे लेमूर तिने प्राणिसंग्रहालयात पाहिलेत. पण इंद्री या मोठ्या लेमूरचं गाणं ऐकल्यापासून तिला तोच हवाय. दिवाळीच्या आधी मॉरिशसला नणंदेकडे जाणार आहोत. तिकडे जवळपास कुठे ठेवलाय का?

डोंगरवाट: मुक्ताताई, जगात कुठेच नाही. पिंजऱ्यात इंद्री टिकत नाही. नाना झाडांची कोवळी पानं, फळं, बिया त्याला लागतात, मधूनच खाली उतरून मातीही खातो. हे सगळं बाहेर कुठून आणणार?

मादागास्करच्या पूर्वेकडच्या पावसाळी रानातच जावं लागतं. मी आंदासिबेला गेले होते, राजधानी अंतानानारिव्होपासून सुमारे १५० किलोमीटरवर. सकाळी धुक्यात उभे होतो. आधी घोगरी डरकाळी आली, मग वरून खाली ओघळणारे लांब सूर, सगळं कुटुंब एकत्र गात होतं. आमचा वाटाड्या बोलता बोलता गप्प झाला. पलीकडच्या टेकडीवरून दुसऱ्या कुटुंबाने उत्तर दिलं. तो आवाज अजून कानात आहे.

सह्यवेडा: तिथले लोक त्याला मारत नाहीत म्हणे?

डोंगरवाट: त्याला ते 'बाबाकोतो' म्हणतात, पूर्वजांशी नातं सांगतात. मारणं म्हणजे 'फादी', निषिद्ध. पण हा धाक आता सगळीकडे उरलेला नाही, काही भागांत मांसासाठी शिकार होते. त्याहून मोठं दुखणं रान जाळून भात पेरण्याचं, 'तावी'चं. आपल्याकडच्या कुमरीसारखंच. शिवाय कोळसा पाडायला झाडं तोडतात. पोटासाठी जाळणाऱ्यावर मला राग धरता येत नाही, पण मादीला पहिलं पिल्लू होतं सात-नऊ वर्षांची झाल्यावर, पुढे दोन-तीन वर्षांतून एकच. एवढ्या संथ गतीने वाढणाऱ्या प्राण्याची तूट भरून कशी निघणार? आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे.

मित्सिन्जो ही तिथल्या गावकऱ्यांची संस्था. देशी झाडं लावून तुटलेली रानं पुन्हा जोडायचं काम तिने केलंय. वाटाड्या तिथलाच घ्या. आणि मोबाईलवर गाणं वाजवून त्यांना बोलावू नका, हद्दीत कुणी शिरलं असं त्यांना वाटतं.

मुक्ता_के: ताई, मग ऑक्टोबरात गेलो तर?

डोंगरवाट: उत्तम. मे-जूनमध्ये जन्मलेलं पिल्लू तेव्हा पोट सोडून आईच्या पाठीवर बसायला लागलेलं असतं. लेकीला दुर्बीण द्या.