मोटरहोमच्या पुढच्या काचेवर रोज सकाळी पाण्याच्या धारा, थंडीत काय करता तुम्ही लोक?

लीड्सचा_सातारकर

नमस्कार मंडळी, आम्ही लीड्सला राहतो आणि मागच्या वर्षी एक जुनी मोटरहोम घेतली, पुढे व्हॅनची केबिन आणि मागे चार जणांचं घर अशी. उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्ट, वेल्स, नॉर्थंबरलंड सगळं झकास झालं. नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्यांदा थंडीत गेलो, स्कॉटलंडला एव्हिमोरजवळ ग्लेनमोरला तीन रात्री. बाहेर उणे तीन-चार, आत हीटर लावून मस्त १९-२० ठेवलं होतं, पण सकाळी उठून बघतो तर पुढच्या काचेवरून अक्षरशः ओघळ, डॅशबोर्डवर तळं, तिथून पाणी हीटरच्या जाळीत चाललेलं. रबराच्या कडेला काळे ठिपके पण दिसायला लागलेत, बुरशीच असावी.

काय काय केलं ते सांगतो. आतून चंदेरी थर्मल पडदे लावतो, ते सक्शनचे असतात ना ते. डॅशबोर्डवर ओलावा शोषणाऱ्या खड्यांचे दोन डबे ठेवले. आणि आई सध्या सहा महिन्यांसाठी आलीये, तिला गार वारा अजिबात सोसत नाही म्हणून छतावरच्या झडपा घट्ट बंद ठेवतो, शिवाय खाली दाराजवळ जमिनीत एक जाळी आहे तिथून वारा येतो तर तिथे तिने जुना टॉवेल कोंबलाय. बाहेर तर धुकं आणि पाऊस, उघडं ठेवलं तर ओलावा आतच येणार ना? ख्रिसमसच्या सुट्टीत परत जायचंय, आई पण येणार आहे, तिला बर्फ बघायचाय. काहीतरी उपाय सांगा.

निळी_ज्योत

बाकी सगळं नंतर वाचा, आधी गाडीत जा आणि तो टॉवेल काढा. जमिनीतली ती जाळी वाऱ्यासाठी चुकून राहिलेली फट नाहीये, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या जाळीतून बाहेर पडतो. छतावर पण एक कायमची उघडी फट ठेवलेली असते, ती पण बंद करायची नसते. मी इथे केंटमध्ये बरीच वर्षं गॅसचं काम करतो म्हणून कळकळीने सांगतोय. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? घरातला चालतो असं समजू नका, गाड्या-बोटींसाठी वेगळा येतो, त्यावर ईएन ५०२९१-२ असं लिहिलेलं असतं. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ठेवायची नाही, कधीच नाही.

शेगडीचं अजून एक. एक किलो प्रोपेन जळला की जवळजवळ १.६ किलो पाणी तयार होतं वाफेच्या रूपात, आणि शेगडीचं ते सगळं तुमच्या खोलीत येतं. गाडीत कायमच्या बसवलेल्या हीटरचं तसं नसतं, त्याचा धूर आणि वाफ दोन्ही पाइपने बाहेर जातात.

लीड्सचा_सातारकर

काका लगेच जाऊन काढला टॉवेल, मनापासून आभार, हे खरंच माहीत नव्हतं. अलार्म आहे पण घरातलाच आहे, नवीन मागवतो आजच. आईला पण समजावलं, ती म्हणाली असं असेल तर राहू दे, मी शाल घेईन.

दवबिंदू

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर सगळं अडलंय, "बाहेर धुकं आणि पाऊस, उघडं ठेवलं तर ओलावा आतच येणार ना". हे आपल्याकडच्या सवयीने वाटतं. मी रत्नागिरीची, लहानपणापासून बघितलंय की पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली की पापड सादळतात, कपडे वाळत नाहीत, कपाटाला वास येतो. तिथे ते बरोबरच आहे कारण तिथली हवा गरम असते. २७ डिग्रीला ९० टक्के दमट हवा म्हणजे एका घनमीटरमध्ये २३ ग्रॅम पाणी. पण शून्य डिग्रीची हवा कितीही ओली असली, अगदी धुक्यातली, तरी वाफ म्हणून तिच्यात पाच ग्रॅमपेक्षा कमीच मावतं. ती हवा तुमच्या गाडीत येऊन १८ डिग्रीला तापली की तिचा दमटपणा ३० टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे चक्क कोरडी हवा. स्कॉटलंडच्या थंडीत झडप उघडली की तुम्ही ओलावा बाहेर काढता, आत घेत नाही. हे एकदा मनाला पटलं की बाकी सोपं आहे.

आता हिशोब करा. माणूस झोपेत श्वासातून-घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतो. चार माणसं, नऊ तास, म्हणजे सव्वा ते दीड लिटर. तुमच्या गाडीत हवा किती, फार तर २० घनमीटर, २० डिग्रीला तिच्यात जास्तीत जास्त साडेतीनशे ग्रॅम मावणार. उरलेलं जाणार कुठे, जिथे सगळ्यात गार जागा असेल तिथे जाऊन बसणार. मागच्या खिडक्या दुहेरी ॲक्रिलिकच्या असतात म्हणून त्या त्यामानाने कोरड्या राहतात, पुढची काच पातळ आणि बाहेरच्याइतकी गार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो तेच हे. खोलीत १८ डिग्री आणि ६० टक्के दमटपणा असेल तर १० डिग्रीच्या खालच्या कुठल्याही वस्तूला घाम सुटतो आणि तुमची काच तर शून्याजवळ.

म्हणून नुसता हीटर वाढवून होत नाही, गरम हवा जास्त पाणी उचलते आणि काचेवर नेऊन सोडते. हीटर पण हवा आणि झडप पण थोडी उघडी हवी, दोन्ही एकदम. आधी एक छोटा आर्द्रतामापक घ्या, थोड्या पैशात मिळतो, आकडा डोळ्यासमोर असला की घरातली भांडणं पण कमी होतात.

म्युनिकची_वाट

वरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. इथे जर्मनीत याला श्टोसल्युफ्टन म्हणतात, सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं जोरात हवा खेळवायची. घरमालक भाड्याच्या करारात लिहून घेतात कधीकधी. गाडीत पाच मिनिटं पुरतात, दार आणि समोरची खिडकी उघडायची, आईंना तेवढा वेळ पांघरुणात बसवा. हवा जाते पण गादी, फर्निचर, भिंती गरम राहतात त्यामुळे परत लगेच उबदार होतं. पण रात्रभराचं काम त्याने भागत नाही, रात्री छतावरची झडप बोटभर उघडी लागतेच.

आणि आतले चंदेरी पडदे! ते काचेचं उलट नुकसान करतात. आतली ऊब काचेपर्यंत पोचू देत नाहीत म्हणून काच अजून गार होते, आणि ओली हवा मात्र कडेच्या फटीतून मागे शिरतेच, मग पडदा आणि काचेच्या मध्ये सगळा पूर. आम्ही दोन हिवाळे हेच केलं आणि पुसत बसलो. बाहेरून घालायचं जाड कव्हर घ्या, जे दारांच्या काचांवरून येतं आणि खाली बॉनेटपर्यंत लांब असतं. काच पांघरुणाच्या आत आली की ती फारशी गार होत नाही. शिवाय सकाळी बर्फ खरवडायला लागत नाही, कव्हर काढलं की काच मोकळी.

स्पिती_फेब्रुवारी

आम्ही पुण्याचे, टेम्पो ट्रॅव्हलरची घरीच कॅम्पर केलीय, फेब्रुवारीत हिमाचलच्या स्पितीत काझाला नेली होती. साडेतीन हजार मीटरच्या वर, तिथे काचेवर पाणी नाही तर आतून बर्फच साठला, एटीएम कार्डाने आतून खरवडत होतो. म्युनिकच्या दादांशी सहमत पण पूर्ण नाही, बाहेरचं कव्हर ओलं होऊन रात्री कडक गोठतं, सकाळी घडी होत नाही आणि ते ओलं धूड ठेवायचं कुठे? गाडीच्या आत ठेवलं तर परत ओलावा आत. आम्ही केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये गोधडीसारखा जाड पडदा लावला, छतापासून जमिनीपर्यंत, आणि केबिन सोडूनच दिली. झोपायचा भाग लहान झाला, हीटरला डिझेल कमी लागलं.

म्युनिकची_वाट

ठेवायचा प्रश्न खरा आहे, आम्ही गाडीच्या मागच्या गॅरेजमध्ये, म्हणजे सामानाच्या मोठ्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या टबात ठेवतो, ज्यांच्याकडे तशी जागा नाही त्यांना अडचण होणार. पण पडद्याचं मला पटत नाही हो. कापडातून वाफ जातेच, आणि मागे केबिन तर पूर्ण गार पडलेली, म्हणजे काचेवर जास्तच साठणार, फक्त तुम्हाला झोपेत दिसत नाही एवढंच. पडदा लावायचा तर बाहेरचं कव्हर पण हवं. आणि डॅशबोर्डखाली वायरिंग असतं, तिथे रोज पाणी जाऊ देणं बरं नाही.

स्पिती_फेब्रुवारी

हे मान्य. आमच्याकडे पण परत आल्यावर केबिनच्या कार्पेटखाली ओल सापडली होती. पुढच्या वेळी दोन्ही करून बघतो.

दवबिंदू

सातारकर, स्वयंपाक काय करता गाडीत ते सांगा बरं. आणि ओले जॅकेट कुठे वाळवता?

लीड्सचा_सातारकर

आई आहे म्हटल्यावर सगळंच होतं, कुकरला वरण-भात, चहा तर चार वेळा. जॅकेट पुढच्या सीटवर टाकतो. काच पुसायची फडकी हीटरच्या जाळीवर वाळत घालतो. लिहितानाच कळायला लागलंय काय चुकतंय ते.

दवबिंदू

हो, फडकी बाहेर पिळून बाहेरच ठेवायची, हीटरवर वाळवली की तेच पाणी परत हवेत आणि तेच परत काचेवर. काचेवरचं पाणी ओढून घेणारा बॅटरीचा छोटा व्हॅक्यूम मिळतो तो उत्तम, पाणी टाकीत जमतं, सिंकमध्ये ओतायचं, संपलं. जॅकेट बाथरूममध्ये टांगा, वरची झडप उघडा, दार लावून घ्या. कुकरच्या शिट्टीची वाफ किती असते ते तुम्हाला माहितीच आहे, कुकर लावताना शेगडीवरची झडप पूर्ण उघडी आणि झाल्यावर अजून दहा मिनिटं तशीच. डाळ-तांदूळ आधी भिजवून ठेवले तर शिट्ट्या पण कमी लागतात. पोळ्या-भाकरी बिनधास्त करा, त्यात त्यामानाने वाफ कमी.

निळी_ज्योत

कुकर बाहेर लावायचा विचार करणार असाल तर पूर्ण उघड्यावर लावा, गाडीला जोडलेल्या बंद ऑनिंगच्या तंबूत नाही. तिथे पण कार्बन मोनॉक्साइड साचतो. सिलिंडर कुठला आहे तेही बघा, इथला निळा ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ होणंच थांबवतो आणि पहाटे हीटर बंद पडतो. थंडीत लाल प्रोपेनच, तो उणे ४२ पर्यंत चालतो. तुम्ही जाताय त्याच डोंगरांच्या पलीकडे ब्रेमारला जानेवारी १९८२ मध्ये उणे २७.२ नोंदलं गेलंय, रोज तसं नसतं पण तयारी असलेली बरी.

खड्यांचा_डबा

मी पण त्या खड्यांच्या डब्यांवर खूप विश्वास ठेवला होता. गाडी दोन महिने उभी असताना त्यांचा उपयोग होतो, चार माणसांच्या दीड लिटरसमोर एका रात्रीत ते काय करणार. कॅम्पसाइटवर वीज घेणार असाल तर छोटा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, बघा पण घेताना डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचा) प्रकारचा घ्या. कॉम्प्रेसरवाला गार हवेत नीट चालत नाही, डेसिकंटवाला थंडीत पण पाणी काढतो आणि थोडी गरम हवा पण देतो. फक्त साइटची वीज १० ॲम्पिअरची असेल तर सगळं मिळून २३०० वॉट, किटली आणि ऑइल रेडिएटर एकदम लावलं की फ्यूज उडणार.

आणि सकाळी निघताना एसी चालू करा, हो थंडीत पण, गरम हवा आणि एसी एकत्र, आतली हवा फिरवायचं बटण बंद. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. फार गारठ्यात एसी चालूच होत नाही तेव्हा नुसती गरम हवा. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो. काच पूर्ण साफ झाल्याशिवाय निघायचं नाही, इथे हायवे कोडमध्येच आहे ते.

लीड्सचा_सातारकर

मंडळी, ४ जानेवारी, परत आलो, सांगायलाच हवं म्हणून लिहितोय. पाच रात्री काढल्या ग्लेनमोरला. बाहेरचं कव्हर घेतलं, आतले पडदे घरी ठेवले, पुढच्या सीटजवळची हीटरची नळी उघडी ठेवली जी मी आजवर बंद ठेवायचो. छतावरची झडप रात्रभर बोटभर उघडी. आईला झडपेपासून लांबचा खालचा बेड दिला, कानटोपी, गरम पाण्याची पिशवी, तिची एकदाही तक्रार नाही, उलट म्हणाली की आधी सकाळी डोकं जड व्हायचं ते झालं नाही. पहिल्या रात्री आर्द्रतामापकाचा आकडा ७४ टक्के होता, कारण कुकरनंतर झडप लवकर लावली, नंतर रोज ५०-५५. काचेवर खाली चार बोटं पट्टा धूसर, बाकी कोरडी, एका फडक्यात पुसून व्हायची. नववर्षाच्या सकाळी खूप बर्फ पडला, आई लॉक मॉर्लिक तलावाच्या काठावर अर्धा तास उभी होती, आत यायलाच तयार नाही.

गॅस जास्त लागला हे खरं, पण चालेल.

एकच राहिलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर जो बेड आहे तिथे मुलगा झोपतो, त्याची गादी खालून ओली लागली.

दवबिंदू

वाचून फार बरं वाटलं, आईंना नमस्कार सांगा. गादीचं कारण तेच आहे, खाली गार फळी आणि वर गरम मुलगा. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीची चटई घाला, बोटीतले लोक वापरतात ती, आणि रोज सकाळी गादी उभी करून ठेवा. आत्ता घरी आहात तर आधी गादी काढून फळी पूर्ण वाळू द्या, कोपरे नीट बघा.

लीड्सचा_सातारकर

आजच काढतो ताई. फळीचा फोटो टाकतो संध्याकाळी.