मदत हवी आहे: जड चिलखताचे घरचे नियम जुळत नाहीयेत (गॉब्लिन, ओगर आणि खानदेशातलं ऊन)

नमस्कार मंडळी,

आमचा गट जळगावात डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा भूमिका-खेळ खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, डीएम (खेळ चालवणारा) मी. जग आमचं स्वतःचं आहे, पण साचा खानदेशाचा घेतलाय: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेला वाहणारी तापीसारखी नदी आणि तिच्या काठाने घळींनी फाटलेली जमीन. त्या घळींमध्ये गॉब्लिनांच्या टोळ्या राहतात. मोहिमेचा शेवट असीरगडासारख्या किल्ल्याच्या वेढ्यात व्हायचाय. खरा असीरगड अकबराच्या हाती १६०१ मध्ये आला तोही महिनोन्‌महिने वेढा घालून, थेट चढाई करून नाही; मला शेवट तसाच चिवट हवाय. त्याआधी चिलखताचा नियम पक्का व्हायला हवा, कारण वेढ्यात सगळ्यात पुढे प्लेट (अंगभर पत्र्याचं चिलखत) घातलेली पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, उभी असणार आहे.

पुस्तकातला नियम माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. प्लेट घातली की एसी १८ (शत्रूचा वीसबाजू फासा आणि त्याला मिळणारे जादा आकडे मिळून एवढे झाले तरच घाव लागतो), अंगात चपळाई असो वा नसो. वजन ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो. किंमत १५०० सोन्याची नाणी. स्ट्रेंग्थ १५ हवी, नाहीतर वेग दहा फुटांनी उतरतो. लपताना डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा. चढवायला १० मिनिटं, उतरवायला ५.

मला यात खटकतं ते हे, की पुस्तकात चिलखत घाव चुकवतं. खरं चिलखत घाव सोसतं. तलवार पत्र्यावर आदळते, पोचा येतो, आतला माणूस हेलपाटतो, पण कापला जात नाही. ‘लागलं नाही’ आणि ‘लागलं, पण चिलखताने झेललं’ यांतला फरक टेबलावर जाणवावा अशी माझी फार इच्छा आहे. ‘पुस्तकातलंच ठेवा’ असं सांगणारे बरेच जण असतील. त्यांचं म्हणणं समजतं, पण गटाने मिळून ठरवलंय की चिलखत झेलणारंच हवं.

सध्याचा आमचा नियम: प्लेटचा एसी १८ वरून १५, पण हत्याराच्या प्रत्येक घावातून ३ डॅमेज वजा. साखळीच्या चिलखताचा एसी १६ वरून १४, वजावट २. ढालीचे २ तसेच. आग, वीज, विष यांना वजावट नाही. शत्रूचा वीस पडला की चिलखताला पोचा येतो आणि लोहाराकडे नेईपर्यंत वजावट १ ने उतरते.

आता हिशोब बघा, क्रिटिकल (वीस पडल्यावरचं जादा डॅमेज) बाजूला ठेवून. गॉब्लिनला हल्ल्याच्या फाशावर ४ जास्त मिळतात आणि त्याचं डॅमेज १डी६+२ (एक सहाबाजू फासा, वर २), सरासरी साडेपाच. एसी १८ ला त्याला फाशावर १४ किंवा जास्त हवेत, म्हणजे ३५ टक्के; एका हल्ल्यामागे सरासरी १.९ डॅमेज. आमच्या नियमात ११ पुरतात, म्हणजे ५० टक्के, पण साडेपाचातून तीन गेले, उरले अडीच, सरासरी १.२५. ओगर या धिप्पाड राक्षसाला ६ मिळतात आणि त्याचं डॅमेज २डी८+४, सरासरी १३. पुस्तकात त्याला १२ हवेत, ४५ टक्के, सरासरी ५.८५. आमच्याकडे ९ पुरतात, ६० टक्के, आणि तेरातून तीन वजा करून सरासरी ६.

म्हणजे ओगरसमोर प्लेट होती तेवढीच राहिली आणि गॉब्लिनसमोर मार एक तृतीयांशाने घटला. चार गॉब्लिनांनी घेरलं तर पुस्तकात एका फेरीला ७.७ डॅमेज बसतं, आमच्याकडे ५. मोहिमेचा निम्मा जीव त्या घळींतल्या टोळ्यांत आहे, आणि पॅलाडिन त्यांच्यातून सरळ चालत जाते. भरपाई म्हणून गॉब्लिन वाढवले की मार आमच्या गटातल्या चोराला बसतो. त्याचा एसी १५, वजावट शून्य. शिवाय हेवी आर्मर मास्टर हे फीट (पात्राने निवडायचं खास कौशल्य) मुळातच जादू नसलेल्या हत्यारांच्या घावातून ३ वजा करतं. ते आमच्या ३ वर चढलं तर सहा वजा होतात, आणि गॉब्लिनच्या सहाबाजू फाशावर ५ किंवा ६ पडले तरच काही लागतं.

गंमत अशी की हिशोबात फायदा होऊनही पॅलाडिन खेळणारी माझी मावसबहीण नाराज आहे, आणि तिचं म्हणणं मला पटतं. एक प्रसंग सांगतो. गॉब्लिनचे फाशावर अकरा पडले. मी म्हटलं, ‘पंधरा, लागलं.’ पाच डॅमेज, तीन वजा, दोन. पुढचा गॉब्लिन, पुन्हा लागलं, चार, तीन वजा, एक. तिसरा, लागलं. तिने पेन्सिल खाली ठेवली. पै पै जमवून १५०० नाण्यांची प्लेट घेतली आणि तिचा एसी चामडं घातलेल्या चोराएवढाच, दर वेळी ऐकायला येतं ‘लागलं’. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, ‘मंग हाई लोखंड मी कसाले घालू?’ जड चिलखत घेणारा खेळाडू पुढे उभं राहायचं ठरवतो, बाकीच्यांचे घाव स्वतःच्या अंगावर घेतो. नियमाने त्याची कदर केली पाहिजे.

दुसरी अडचण उन्हाची. पुस्तकात नियम आहे: तापमान १०० फॅरनहाइट किंवा वर, म्हणजे साधारण ३८ अंश सेल्सिअस, आणि प्यायला पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे काटकपणावर फासा टाकून तग धरायचा. पहिल्या तासाला डीसी (गाठायचा आकडा) ५, पुढे दर तासाला १ ने वाढ. फसला की एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. मध्यम किंवा जड चिलखत असेल तर डिसॲडव्हान्टेज. ३८ अंश आपल्याकडे मार्चमध्येच होतात, मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसच्या आसपास असतं. म्हणून मी पाण्याची अट काढली: पाणी असो-नसो, उन्हात चाललात की सेव्ह. पॅलाडिनला कॉन्स्टिट्यूशनचे २ मिळतात, सेव्हमध्ये प्रावीण्य नाही. चार तास चालून एकही पायरी न चढण्याची तिची शक्यता २१ टक्के, चिलखत नसतं तर ४६ टक्के. सरासरीने लढाईला पोचेपर्यंत तिच्या अंगावर सव्वा पायरी चढलेली असते. दुसऱ्या पायरीला वेग निम्मा होतो, आणि रात्रभराच्या विश्रांतीत एकच पायरी उतरते. ऊन मला हवंय, ते काढून टाकलं तर हा प्रदेश खानदेश राहत नाही. पण त्याचा सगळा भुर्दंड एकाच खेळाडूला पडतोय.

तेव्हा जाणकारांना विनंती. चिलखत झेलणारं ठेवून लहान घावांच्या गर्दीत ते अभेद्य होणार नाही असं काय करता येईल? उन्हाचा नियम कसा बसवावा, की चिलखत घालणाऱ्यासमोर काही निवड उरेल? आणि हीट मेटल या धातू तापवणाऱ्या मंत्राचं काय करता? आमच्या घळींत गॉब्लिनांसोबत एक ड्रुइड (निसर्गाचे मंत्र जाणणारा) आहे, आणि तो मंत्र अजून मी वापरलेला नाही.

प्रतिसाद (धुळ्याहून)

भाऊ, तुमचा हिशोब बरोबर आहे, आणि उत्तर त्यातच आहे. वजावट घावामागे न ठेवता फेरीमागे ठेवा. प्लेटवाल्याने घाव बसल्यावर रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी, फेरीत एकच कृती) खर्चून ३ वजा करायचे, फेरीत एकदाच.

चार गॉब्लिन, प्रत्येकाला ५० टक्के, साडेपाच डॅमेज: एकूण सरासरी ११. चारपैकी निदान एक तरी लागण्याची शक्यता साधारण ९४ टक्के, म्हणजे वजावट सरासरी २.८. उरले ८.२. पुस्तकात ७.७ होते. ओगरचा हल्ला फेरीला एकच, त्यामुळे तिथे तुमचे ६ तसेच राहतात, पुस्तकात ५.८५. दोन्ही टोकं पुस्तकाच्या जवळ आली आणि झेलणंही राहिलं. हेवी आर्मर मास्टर ज्याने घेतलं असेल त्याला हीच वजावट रिॲक्शनशिवाय द्या, वर आणखी ३ देऊ नका.

पोच्याचा नियम मात्र काढा. वीस हल्ल्यांत निदान एक वीस पडण्याची शक्यता ६४ टक्के आहे. चार गॉब्लिन, पाच फेऱ्या, की झाले वीस हल्ले. दर मोठ्या लढाईनंतर लोहार शोधत फिरावं लागेल, आणि घळींमध्ये लोहार कुठून आणणार?

आणि ‘लागलं’ हा शब्द तुम्ही उच्चारू नका. फासा सांगा, डॅमेज सांगा आणि थांबा. ‘झेललं’ हे तिने म्हणायचं. तेवढ्याने तिचं निम्मं समाधान होईल असं मला वाटतं.

धागाकर्ता

दादा, हे फारच चांगलं आहे. फेरीमागे एकदा हे सुचलंच नव्हतं. एकच शंका: तिने रिॲक्शन चिलखतावर खर्च केली की शेजारून पळणाऱ्या शत्रूवर संधीचा वार करता येणार नाही. मग गॉब्लिन तिला ओलांडून चोरापर्यंत जातील ना?

प्रतिसाद (धुळ्याहून)

जातील. आधी झेललं तर वार नाही, वार राखून ठेवायचा तर तीन डॅमेज सोसायचं. मला तरी हे चांगलं वाटतं, कारण पुढे उभं राहणाऱ्याला दर फेरीला ठरवावं लागतं की आज स्वतःला वाचवायचं की मागच्याला. फारच जड गेलं तर पाचव्या पातळीपासून वजावट ३ ची ५ करा, कारण तोवर शत्रूंचे घावही मोठे झालेले असतात.

प्रतिसाद (भुसावळहून)

उन्हाबद्दल लिहिते, कारण आम्ही त्यातच राहतो. मे महिन्यात दुपारी बारा ते चार आमच्याकडे कामाशिवाय कोणी बाहेर पडत नाही. शेतातली कामं पहाटे, बाजार सकाळी किंवा ऊन कललं की. तुमचा तासातासाचा सेव्ह माणसाला ही अक्कल वापरूच देत नाही, तो नुसता फासे टाकायला लावतो. दिवसाचे तीन भाग करा. पहाट-सकाळ आणि संध्याकाळ यांना सेव्ह नाही. दुपारी चाललात तर एकच सेव्ह, डीसी १२, सगळ्यांना. जड चिलखत कसलेलं असेल तर डिसॲडव्हान्टेज. सावलीत बसलात तर सेव्ह नाही, पण चार तास गेले. मग ओलिसाला उद्या सकाळी मारणार आहेत हे कळल्यावर दुपारी चालायचं की नाही, यावर टेबलावर खरी चर्चा होते.

दुसरं, चिलखताच्या दोन अवस्था ठेवा, कसलेलं आणि सैल. सैल म्हणजे टोप, हातमोजे आणि छातीचा पत्रा घोड्यावर, अंगात आतला जाड सुती अंगरखा आणि साखळी. एसी १३, वजावट नाही, उन्हात डिसॲडव्हान्टेज नाही. कसायला एक जोडीदार आणि एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या. जुने सैनिकही लांबच्या वाटचालीत जड पत्रे सामानात टाकून लढाईच्या तोंडावर चढवत. घळीत शिरण्याआधी कुठे थांबून पट्टे कसायचे हे पॅलाडिन ठरवेल, आणि चोर पुढे जाऊन टेहळणी करेल तेव्हा त्याच्या कामालाही किंमत येईल.

हीट मेटल जपून. दर फेरीला २डी८, सरासरी ९. मंत्र १ मिनिट टिकतो आणि प्लेट उतरवायला ५ मिनिटं लागतात, म्हणजे कसलेल्या प्लेटमधून सुटका नाही. दहा फेऱ्या पूर्ण चालला तर ९० डॅमेज. तो एकाग्रतेचा मंत्र आहे, म्हणजे टाकणाऱ्याला मार बसला तर तुटू शकतो, तेव्हा ड्रुइड अशा जागी ठेवा की चोराचा बाण किंवा कोणाची धाव त्याच्यापर्यंत पोचेल. उंच कड्यावर, सगळ्यांच्या आवाक्याबाहेर ठेवलात तर ती लढाई तुमच्या बहिणीसाठी नुसती शिक्षा होईल.

धागाकर्ता

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. बहिणीला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. कसलेलं-सैल तिला लगेच आवडलं. रिॲक्शनबद्दल म्हणाली, ‘चालेल, पण मग चोराने माझ्या मागेच राहायचं.’

येत्या रविवारी हे लावतो: प्लेटचा एसी १५, फेरीत एकदा रिॲक्शनने ३ वजा, पोचा बाद, दुपारचा एकच सेव्ह डीसी १२, आणि चिलखताच्या दोन अवस्था. ड्रुइड घळीच्या तळाशी, ओढ्यापलीकडच्या पळसाखाली उभा असेल, चोराच्या धनुष्याच्या टप्प्यात. साखळीच्या चिलखताला रिॲक्शनने २ वजा ठेवावेत की प्लेटचेच ३, एवढं अजून ठरलेलं नाही. कोणी वापरून पाहिलं असेल तर सांगा. आमच्या गटात धर्मगुरू खेळणारा मित्र साखळीतच आहे आणि रविवारच्या आत त्याला उत्तर द्यायचंय.