बोनस खात्यात आला, आता ठेकेदार निम्मा कॅशमध्ये परत मागतोय

फिटरचीताई: धाकटा भाऊ चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदारामार्फत आहे, आयटीआय फिटर. दिवाळीचा बोनस खात्यात आला, मेसेजही आला, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर वही घेऊन गेटवर, निम्मे कॅश आणून द्या नाहीतर सोमवारपासून गेटपास बंद. त्याच लाईनवर शेजारचा परमनंट तेच काम करतो, पगार दुपटीच्या वर. भाऊ म्हणतो सगळेच देतायत, देऊन टाकू. मला अजिबात पटत नाहीये. काय करावं?

नियमवाला: ताई, देऊ नका. बोनस किमान 8.33 टक्के हा कायदाच आहे, ठेकेदाराची बक्षिशी नाही. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा, 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम 21 ला हेच होतं. भावाचं पीएफचं पासबुक पण उघडून बघा, बोनसवर हात मारणारा तिथं सोडत असेल असं वाटत नाही.

बिलंकरणारा: मी अशाच एका ठेकेदाराकडे बिलं बनवतो, शिव्या घाला पण ऐका. पगारावर पीएफचे 13 टक्के, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे 3.25, बोनसचे 8.33, म्हणजे शंभराला चोवीस-पंचवीस रुपये वर लागतातच, सुट्ट्या आणि ग्रॅच्युइटी अजून धरलीच नाही. आणि कंपनीचा परचेसवाला सगळ्यात कमी रेटवाल्याला काम देतो, वर पेमेंट दोन-तीन महिन्यांनी. मग ठेकेदार कुठून काढणार, पोरांच्या खिशातूनच. तो चोर आहेच, पण कंपनीला यातलं काही माहीत नाही हे निव्वळ सोंग, त्या रेटमध्ये किमान वेतन बसत नाही हे सही करणाऱ्याला चांगलं कळतं.

फिटरचीताई: म्हणजे माझ्या भावानेच कंपनीचा खर्च वाचवायचा? वा.

जुनाकामगार: नियम सगळे बरोबर हो, पण पोरगा एकटा बोलला तर सोमवारी बाहेर, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत रूमचं भाडं कोण भरणार. आमच्याकडे पोरांनी एक केलं, कॅश नाही, जीपे करतो, नंबर द्या म्हणाले. सगळ्यांनी एकदमच. सुपरवायझर नंबर द्यायला तयारच होईना, दोन दिवस फिरकला नाही, त्या वर्षी सुटले. पुढच्या वर्षी दुसरा ठेकेदार आला ती गोष्ट वेगळी. परमनंटवाल्यांच्या भरवशावर राहू नका, त्यांची युनियन करार करते त्यात कंत्राटी पोरांबद्दल एक ओळ नसते. मी पण परमनंटच होतो, म्हणून सांगतो.

नियमवाला: जीपेवालं भारी आहे. त्याबरोबर गेटवरच्या मागणीचं व्हॉट्सॲप वगैरे काही असेल तर जपून ठेवा, आणि आठ-दहा जणांच्या सह्यांचा अर्ज कंपनीच्या एचआरला द्या, एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात, दोन्हीकडे पोचचा शिक्का घ्या.

फिटरचीताई: भावाला वाचून दाखवलं. सहा जण तयार आहेत म्हणतो, बाकीचे घाबरतायत. अर्ज मराठीत चालेल ना?

नियमवाला: चालतो की.