वाचनालयात न येणाऱ्यांचा अभ्यास कसा करावा?

तापीकाठ: जळगाव जिल्ह्यातलं, सरकारी वर्गवारीत तालुका ‘ब’ वर्गाचं वाचनालय आहे. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेच्या मुलांनी अभ्यासिका भरलेली असते, पण पुस्तकांची देवघेव थंडावली आहे. ‘कोणती पुस्तकं हवीत?’ असा फॉर्म दिला की ‘ऐतिहासिक कादंबऱ्या’ हेच उत्तर ठरलेलं. लोकांमध्ये मिसळून निरीक्षण करायची पद्धत वापरायची आहे. माणसं दोनच, निधी नाही. सुरुवात कुठून करू?

केळीबाग: फॉर्मवर माणूस शोभेल ते लिहितो, म्हणून आधी डोळ्यांनी पाहा. वाचनालयाचा नकाशा कागदावर काढून त्याच्या प्रती करा. दर तासाला एक फेरी मारायची आणि कोण कुठे बसलंय, काय करतंय ते खुणांनी मांडायचं. नावं लिहायची नाहीत. किमान पूर्ण आठवडा हे करा, त्यात बाजाराचा दिवस आलाच पाहिजे. दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्यांसाठी वेगळी खूण ठेवा. खरी माहिती तिथेच असते. त्यांना नेमकं काय अडवतं: सहीचं रजिस्टर, काउंटरवरची चौकशी, बंद कपाटं, अनामत रक्कम.

मग सभासद नसलेल्यांकडे जा. शेतकरी, बचत गटातल्या बाया, दुकानातली पोरं असे तीन गट धरा आणि प्रत्येकात पाच-सहा जणांशी बोला. त्यांना वाचनालयात बोलावू नका; एसटी स्टँड, कापसाची जिनिंग, शाळेचं गेट अशा त्यांच्या जागी भेटा. ‘वाचता का?’ हा प्रश्न टाळा, नाहीतर ‘वेळच नाही’ एवढ्यावर गप्पा संपतात. ‘काल संध्याकाळपासून झोपेपर्यंत काय काय केलं?’, ‘मोबाईलवर शेवटचं काय वाचलं?’ असं विचारा. आणि अहिराणीत बोला. प्रमाण मराठीत विचारलं की समोरचा सरकारी माणसाला देतो तशी उत्तरं देतो.

पानोपान: वेळेचं भान ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दिवसा घरी सापडत नाहीत. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की दुपारी रस्ते ओस पडतात. त्या दिवसांतल्या नोंदींवरून ‘लोकांना रस नाही’ असं ठरवलं तर ते चूक ठरेल.

भेटीला दोघं जा, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. संचालक मंडळातलं कुणी सोबत नको, नाहीतर सगळे वाचनालयाची स्तुतीच करतील. वहीत दोन रकाने पाडा: ‘पाहिलं-ऐकलं’ आणि ‘आपल्याला वाटलं’. हे मिसळलं की आपलंच मत लोकांच्या तोंडी जातं. नोंदी त्याच रात्री नीट लिहा. फोटोला आधी परवानगी, मुलांच्या बाबतीत पालकांची.

तापीकाठ: वही भरली, पुढे काय?

केळीबाग: एका चिठ्ठीवर एकच नोंद लिहून सगळ्या सतरंजीवर पसरा. मथळे आधी ठरवू नका. सारख्या चिठ्ठ्या जवळ सरकवत गेलात की गट आपोआप दिसतात. ग्रंथखरेदीची यादी त्यानंतरच.

मग एकच स्वस्त बदल महिनाभर करून पाहा. अभ्यासिकेतली मुलं देवघेव विभागाकडे वळतच नसतील, तर शंभरेक पुस्तकांचं उघडं रॅक अभ्यासिकेच्या दाराशी ठेवा आणि देवघेवीची नोंदही तिथेच करा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं हेच सांगतं: वाचकाचा वेळ वाचवा. आधीच्या महिन्याची देवघेव लिहून ठेवायला विसरू नका, नाहीतर फरक कशाशी ताडणार? परीक्षेच्या तारखा आल्या तर तो महिना सोडून द्या.