आईला डिमेन्शिया आहे, गाणी लावली की कधी खूष कधी चिडते. काय चुकतंय?

थकलेली_लेक:
नमस्कार मंडळी. आई 82 वर्षांची, चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. मी, नवरा आणि दिवसभराच्या एक मावशी असं आळीपाळीने बघतो. डॉक्टर म्हणाले गाणी ऐकवा, म्हणून मी सकाळपासून मोबाईलवर भक्तिगीतं लावून ठेवायला लागले. पहिले दोन-तीन दिवस बरे गेले, आता कान झाकते, "त्या बाईला बाहेर काढ" म्हणते, आणि परवा तर उचलून मोबाईल आमटीत टाकला. (हे नवऱ्याच्या फोनवरून लिहितेय.) पण गंमत म्हणजे मला "तू कोणाची गं" विचारणारी आई आरती मात्र शेवटपर्यंत न चुकता म्हणते, हे कसं काय? आणि नुसती गाणी लावण्यापलीकडे काही करता येतं का? मला गाता येत नाही हे आधीच सांगते, शाळेत बाईंनी समूहगानात मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

बार्शीकर:
ताई, भक्तिगीतं आईंच्या आवडीची की तुमच्या? रागावू नका, मी पण तेच केलं होतं. म्हातारं माणूस म्हणजे अभंग असं आपण धरूनच चालतो. वडील एसटीत कंडक्टर, जन्मात कधी देवळाची पायरी चढले नाहीत आणि मी त्यांना पहाटे भूपाळ्या ऐकवतोय. शेवटी काका म्हणाले अरे हा जत्रेतला तमाशा कधी सोडायचा नाही, मग लावण्या लावल्या तर माणूस मांडीवर ठेका धरून बसला की, आणि आतून आई ओरडतेय "शोभतं का या वयात", कारण तिला सगळंच आठवत होतं :)
साधारण दहा ते पंचवीस वयात जे कानावर पडलं ते शोधा. आई 1955 ला बारा-तेरा वर्षांच्या असणार. त्या वर्षीच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, एकूण 56. घरी रेडिओ होता का, नसेल तर कोणाकडे जाऊन ऐकायच्या, मामा-मावशी असतील तर त्यांना विचारा.

ओटीवाली:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, ज्येष्ठांसोबतच काम करते. आरती का आठवते तर अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी खराब होतो, ओळखीच्या संगीताशी संबंधित भाग त्या मानाने बराच काळ टिकतात, आणि आरती तर टाळ्या, घंटा, कापराचा वास सगळ्यासकट पाठ झालेली असते. त्यामुळे नाव गेलं तरी चाल राहते. मनाला लावून घेऊ नका.
आता चिडण्याचं. दिवसभर गाणी चालू ठेवू नका प्लीज, वीस-पंचवीस मिनिटं पुरे, आणि तेव्हा टीव्ही बंद, मिक्सर बंद. मोबाईलवर मध्येच जाहिरात किंचाळते ती आपल्याला सवयीची, त्यांना दचकवते. शिवाय आवाज येतोय आणि माणूस दिसत नाही, "ती बाई" म्हणजे घरात कोणीतरी शिरलंय असंच वाटत असेल त्यांना. हेडफोन लावून बघायचा असेल तर जबरदस्ती नको, काहींना ते कानात काय घातलंय हेच कळत नाही. कानात मळ आहे का, ऐकायचं मशीन असेल तर सेल चालू आहे का हेही बघा. संध्याकाळी अस्वस्थ होत असतील तर त्याच्या अर्धा तास आधी लावा. डोळ्यात पाणी आलं म्हणून लगेच बंद करायची गरज नाही, हात धरून बसा, चेहरा आवळला किंवा उठून जायला लागल्या तर मात्र बंद.
आणि हो, दोन-चार दिवसांत अचानक चिडचिड वाढली असेल तर गाण्याला दोष देण्याआधी लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कुठे दुखतंय का हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. गाण्याने आजार थांबत नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या.

मँचेस्टरची_सून:
इकडे यूकेत अल्झायमर्स सोसायटीचं 'सिंगिंग फॉर द ब्रेन' असतं, 2003 ला न्यूबरीत सुरू झालं. सासूबाईंना घेऊन जायचे. गोल खुर्च्या, सुरुवातीला प्रत्येकाचं नाव गुंफून नमस्काराचं गाणं, दर वेळी तेच, आणि सांभाळणाऱ्यांनी पण गायचं, कोपऱ्यात फोन बघत बसायचं नाही. सासूबाईंना इंग्रजी गाणी कुठली येणार, पण खुळखुळा बरोब्बर तालात. तिथे कोणी त्यांना "मला ओळखलंत का?" विचारत नाही, आपण घरी दिवसातून दहा वेळा ही परीक्षा घेतो. तेवढा वेळ मीही औषधांचं टाइमटेबल विसरायचे. सूर कोणालाच नसतो तिथे, तेव्हा लेकबाई तुम्ही बिनधास्त गा. बिल्डिंगमधल्या तीन-चार काकूंना आठवड्यातून एकदा चहाला बोलवून हे घरीही जमेल. तिकडे सपोर्ट ग्रुप हवा असेल तर एआरडीएसआय या डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या भारतातल्या संस्थेकडे चौकशी करा, नाहीतर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे 14567.

थकलेली_लेक:
सगळ्यांचे आभार, दहा दिवसांनी लिहितेय. मावशीला (आईची धाकटी बहीण) फोन केला तर ती म्हणे कसला रेडिओ आणि कसलं काय, आमच्या गावात वीज नव्हती, आम्ही भोंडला खेळायचो आणि आजीबरोबर जात्यावर ओव्या म्हणायचो. मग काल सुपात तांदूळ घालून आईच्या मांडीवर दिले आणि शेजारी बसून भोंडल्याचं गाणं सुरू केलं, शब्द अर्धे चुकीचे. आईने सूप थांबवलं, माझ्याकडे बघून "असं नाही गं, शेंबडे" म्हणाली आणि पुढची तीन कडवी स्वतः म्हटली, बोटं तांदळात चालूच. मग विचारलंच, तू कोणाची म्हणून. आता कामाच्या मावशीही सामील होतात, त्या लातूरकडच्या, त्यांचे शब्द वेगळे, त्यावरून दोघींची रोज वादावादी होते आणि मी सुटते अर्धा तास.
तांदूळ त्याच डब्यातले होते ज्यात माझा मोबाईल वाळत ठेवलाय. अजून चालू झालेला नाही.